विमान पदाचं असतं, माणसाचं नसतं

काल संध्याकाळी शेतातून घरी आलो, तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुतण्यानं पंतप्रधानांच्या बोइंग ७७७ चा फोटो टाकलेला. खाली अहिराणीत एक ओळ: 'इतला पैसा विमानले कसाले?' केळीला भाव नाही आणि विमानाला कोटी कोटी, हे त्याचं दुखणं. ते खोटं नाही. चोपड्यात मीही केळीच लावतो. पण विमानावरचा राग मला पटत नाही, आणि हे मी कुठल्या पक्षाकडून बोलत नाही.

पूर्वी परदेश दौरा ठरला की एअर इंडियाची जम्बो ७४७ प्रवासी सेवेतून बाजूला काढावी लागायची. आतल्या खुर्च्या उपसायच्या, केबिन बसवायची, दौरा संपला की पुन्हा खुर्च्या. अमेरिकेला जाताना वाटेत इंधनासाठी फ्रँकफर्टला उतरायचं. २०२० मध्ये आलेली दोन ७७७ थेट जातात. क्षेपणास्त्राला चकवणारी यंत्रणा त्यांच्यावर आहे आणि ती चालवतं आपलं वायुदल. राष्ट्रपती, उपराष्ट्रपतीही त्यातूनच जातात. २००७ ते २०१२ आपल्या जळगावच्या प्रतिभाताई राष्ट्रपती होत्या. सरकारी विमान त्यांनाही होतं, आणि तेव्हा आपल्याला त्याचा अभिमानच वाटायचा. १९३६ मध्ये फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात नेहरूंना बैलांच्या सजवलेल्या रथातून मिरवलं, तो मानही अध्यक्षपदाचाच होता ना?

माझे आप्पा वायुदलात टेक्निशियन होते. उड्डाणाआधी विमानाच्या लाल फिती लावलेल्या सुरक्षेच्या पिना काढायच्या, एकेक मोजायची, वैमानिकाला हात वर करून दाखवायच्या, मग 'फॉर्म ७००' वर, म्हणजे विमानाच्या तपासणीच्या नोंदवहीवर, सही. आप्पा आजही ट्रॅक्टरची चावी फिरवण्याआधी चारी चाकांभोवती एक फेरी मारतात. ते म्हणतात, "सही केली का आतला माणूस आपला. मग तो कोण्या पक्षाचा, ते बघायचं नाही."

४ नोव्हेंबर १९७७ ची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली. तेव्हाचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांना घेऊन वायुदलाचं 'पुष्पक' हे टुपोलेव्ह-१२४ दिल्लीहून आसामात जोरहाटला निघालं होतं. रात्री उतरताना ते धावपट्टीपासून दूर शेतात कोसळलं. पुढचा भाग चिरडला. ऐंशी ओलांडलेले मोरारजीभाई वाचले. पुढे बसलेले पाच कर्मचारी गेले. हे सांगताना आप्पांचा आवाज अजूनही बसतो.

म्हणून 'एवढा थाट कशाला' हे वाक्य मला टोचतं. ज्या खर्चाला थाट म्हणतो, त्यातला बराचसा त्या पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांच्याही जिवासाठी असतो.

एका बाबतीत मात्र मी पुतण्याच्या बाजूनं आहे. आचारसंहितेत मंत्र्यांना सरकारी विमान प्रचाराला वापरता येत नाही, पंतप्रधानांना सूट आहे. सुरक्षेसाठी ती असावी, हे मला मान्य. पण प्रचाराच्या प्रत्येक फेरीचा खर्च किती आणि पक्षानं किती भरला, हे लोकांना न मागता कळलं पाहिजे. मग सरकार कोणाचंही असो. विमान पदाचं आहे असं मी म्हणतो, तर पक्षाच्या कामाचे पैसे पक्षानंच भरायला हवेत, पूर्ण.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. रात्री जेवणं झाल्यावर पुतण्याचा फोन आला. विमानाच्या किमतीबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "काका, ते पाच जण कोण होते?"

मी पहिलं नाव सांगितलं, विंग कमांडर क्लॅरेन्स डी'लिमा. मग फोन आप्पांकडे दिला.