हेजिंग नको, हिंमत हवी

परदेशात माल विकायला लागलात? अभिनंदन. चलनाच्या चढउतारापासून आधीच बचाव करून ठेवणं म्हणजे हेजिंग. ते टाळून मालात कमावलेला नफा चलनात कसा घालवायचा, तेवढं आता शिकून घ्या.

पहिली गोष्ट, जोखीम कधी सुरू होते याचा विचारच करू नका. भित्रे लोक म्हणतात, परकीय चलनात भाव कळवला त्याच क्षणी ती सुरू होते. तुम्ही बिल निघेपर्यंत स्वस्थ बसा. समजा तुमचे हिशेब डॉलरमध्ये आहेत आणि गिऱ्हाइकाला १० लाख युरोंचा भाव दिलाय. त्या दिवशी युरो १.१० डॉलर, म्हणजे ११ लाख. पाच टक्क्यांनी ५५ हजार सुटणार. पैसे येईस्तोवर युरो १.०४ वर उतरला की ६० हजार गेले. नफा तर गेलाच, वर पदरचे पाच हजार.

बँक फॉरवर्ड करार सुचवेल: दर आज ठरवा, युरो ९० दिवसांनी द्या. डॉलरचं व्याज ५ टक्के आणि युरोचं ३ टक्के असेल तर हा दर साधारण १.१०५५ पडतो, आजच्यापेक्षा थोडा जास्तच. हा फरक निव्वळ दोन व्याजदरांचा आहे, त्यात भविष्यवाणी काही नाही. मीटिंगमध्ये मात्र भविष्यवाणी म्हणूनच मांडा: ‘बँकच म्हणतेय युरो चढणार, मग आत्ताच कशाला विकायचा?’

तरीही कुणी फॉरवर्ड केलाच, तर मुदत संपल्यावर त्याची उलटतपासणी घ्या. युरो १.१५ वर गेला असेल तर ‘फॉरवर्डमध्ये ४४,५०० डॉलरचा तोटा’ असं ठळक अक्षरांत लिहा. १.१० ने नोंदलेलं येणं ५० हजारांनी वाढलंय, ते दुसऱ्या पानावर. वजाबाकी केली तर ५,५०० चा फायदा निघतो, म्हणून वजाबाकी करू नका. अशी एक-दोनदा खरडपट्टी काढली की पुन्हा हेज करायला कुणी धजावत नाही.

आता खरी मजा. ट्रेझरी, म्हणजे कंपनीचा पैसा आणि चलन सांभाळणारी मंडळी, हा खर्चाचा विभाग कशाला ठेवायचा? त्याला नफ्याचं टार्गेट द्या आणि बोनस त्यावर बांधा. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या दराने चलन घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. तो विकत घेतला तर त्याची किंमत, म्हणजे प्रीमियम, भरावा लागतो, विकला तर मिळतो, जोखमीसकट. टार्गेटवाला काय करेल हे सांगायला नको. अलाइड-लायन्स ही खाण्यापिण्याच्या धंद्यातली ब्रिटिश कंपनी. १९९१ मध्ये तिने चलनाच्या ऑप्शन्सवर सुमारे १५ कोटी पौंड घालवले.

प्रीमियम द्यायचाही नको नि घ्यायचाही नको, तर ‘बिनखर्ची’ करार घ्या. कोरियातल्या निर्यातदारांनी घेतलेल्या अशा करारांना किको म्हणत. वॉन (तिथलं चलन) ठरलेल्या पट्ट्यात राहिला तर डॉलरला बाजारापेक्षा थोडा चांगला दर. वॉन फारच वधारला तर करार रद्द, म्हणजे छत्रीची गरज लागताच छत्री परत. आणि वॉन कोसळून सीमा ओलांडली तर जुन्याच दराने, अनेक करारांत दुप्पट डॉलर विकायचे. २००८ मध्ये वॉन कोसळला. निर्यात १० लाखांची, द्यायचे २० लाख. वरचे १० बाजारातून महाग घेऊन स्वस्त द्या. खर्च नसलेल्या करारात बँक का शिरतेय, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

‘हा दर हलत नाही’ यावरही डोळे मिटून विश्वास ठेवा. युरो १.२० फ्रँकखाली जाऊ देणार नाही, असं स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केलं होतं. १५ जानेवारी २०१५ च्या सकाळी तिने ते सोडून दिलं आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली आला.

कर्ज परकीय चलनात, कमाई घरच्या, ही जुनी रेसिपी. पौंडात तिकिटं विकून डॉलरमध्ये विमानांचं कर्ज घेतलेली लेकर एअरवेज १९८२ मध्ये बुडाली, त्यात वधारलेल्या डॉलरचाही हात होता. एका उपकंपनीला युरो द्यायचेत नि दुसरीला यायचेत, तर दोघींची आपसात वजावट मुळीच करू नका. दोघींना वेगवेगळं बँकेत पाठवा, बँकेचं मार्जिन दोनदा कापलं जाईल.

राहता राहिले कागद. हेज कशासाठी, किती रकमेचा, हे आयएफआरएस ९ या आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकाला पहिल्याच दिवशी लिहून हवं असतं. ते वर्षअखेरीवर ढकला. भावी विक्रीच्या हेजलाही मग हिशेबात हेज मानत नाहीत, आणि विक्री व्हायच्या आधीच फॉरवर्डचे चढउतार थेट नफा-तोटा पत्रकात उतरतात. लेखापरीक्षक तो कागद मागायला येण्याआधी ट्रेझरीच्या बोनसचं वाटप उरकून घ्या.