देवळाची पायरी आणि कायदा : ‘कोकणवासी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘कोकणवासी’,

वाळीत टाकणं गुन्हा ठरवणाऱ्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. तिची सुरुवात ‘ताई, जरा अभ्यास वाढवा’ अशी आणि शेवट ‘रामकृष्ण हरी’ असा. मधे मला ‘शहरात बसून गावाला शहाणपण शिकवणारी’ म्हटलंत. मतभेद असू द्या, ते मला नवे नाहीत. पण अनोळखी बाईला आधी ताई म्हणायचं आणि मग तिची अक्कल काढायची, ही बोलण्याची रीत मला मान्य नाही. त्याच लेखाखाली एका पुरुष वाचकाने माझीच बाजू मांडली, तर त्यांना तुम्ही ‘सर, आपला मुद्दा विचार करण्यासारखा आहे’ असं उत्तर दिलंत. मुद्दा तोच होता.

एक गोष्ट मान्य करते. गावकी, म्हणजे गावाचे निर्णय घेणारी गावकऱ्यांची बैठक, नुसता दंडच करते असं नाही. वर्गणी काढून विहीर उपसणं, मयताला लाकडं पुरवणं, भावकीतला बांधाचा तंटा कोर्टात जाऊ न देणं, हीसुद्धा गावकीचीच कामं. लेखात त्यांचा उल्लेख आला असता तर बरं झालं असतं.

आता तुमचं ते वाक्य. ‘देवाच्या कामात देवाचे नियम चालतात, कायद्याने देवळाच्या पायरीशी थांबावं.’

कायदा पायरीशी थांबला असता तर कोण कोण बाहेर उभं राहिलं असतं, याचा विचार केलात का? 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना विठ्ठलाच्या देवळात मज्जाव होता. मज्जाव करणारे धर्माचाच दाखला देत होते. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. त्याआधी नाशिकला 1930 पासून काळाराम मंदिरासाठी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. आणि तुम्ही खाली ‘रामकृष्ण हरी’ लिहिता! संन्यास सोडून परत संसारात आले म्हणून ज्ञानोबांच्या वडिलांना वाळीत टाकलं, मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली, ही कथा वारकऱ्याला मी सांगायची का? तिथेही देवाचाच नियम पुढे केला होता.

संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्य आहे, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. समाजसुधारणेसाठी कायदा करण्याची मुभाही तिथेच सरकारला दिलेली आहे. 2016 चा आपला कायदा, जो जुलै 2017 पासून लागू झाला, पूजा कशी करावी याबद्दल काहीही सांगत नाही. माणसाला देवळातून, स्मशानातून, लग्नकार्यातून तोडू नका एवढंच तो सांगतो, आणि तोडलंत तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात देवाचं काय बिघडलं?

राहिलं माझं ‘शहरात बसणं’. मी रायगड जिल्ह्यातल्या एका गावात वाढले. माझे वडील ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला गावकीने ठरवलेल्या माणसाविरुद्ध उभे राहिले. बैठकीत त्यांना दंड सांगितला, तो त्यांनी भरला नाही. त्या शिमग्याला पालखी आमच्या अंगणासमोरून न थांबता पुढच्या घरी गेली. आई ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. वाण्याने उधारी तर सोडाच, रोखीनेही माल दिला नाही. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला वडिलांच्या कचेरीतली माणसं तालुक्याहून आली. ज्या स्मशानात तिला नेलं तिथली शेड बांधताना आमच्याही घरातून वर्गणी गेली होती. भांडण होतं मताचं, आणि शिक्षा झाली देवाच्या नावाने. त्यात देवाचा कोणता नियम होता, ते मला त्या वयातही कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही. तेव्हा मला गाव शिकवू नका.

तुमचे बाकीचे मुद्दे थोडक्यात. 1949 चा मुंबईचा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या प्रकरणात रद्द केला, हे मला माहीत आहे. तो निकाल चार विरुद्ध एक असा होता, सरन्यायाधीश सिन्हा स्वतः विरोधात होते, आणि 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो प्रश्न नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला. तेवढं पुरे. ‘कायद्याने मनं बदलत नाहीत’ म्हणता, पण आजीच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांची मनं कुणाला बदलायची होती? त्यांना कुणी अडवू नये एवढंच हवं होतं. ‘फक्त हिंदूंनाच का’ याचं उत्तर वरच्या बोहरा प्रकरणातच आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आमच्या गावात दोन घरं सोडली तर सगळा गाव एक आहे.’ अभ्यास वाढवा म्हणालात ना, मग याच वाक्यापासून सुरुवात करू. ती दोन घरं का सोडली, ते लिहा. शिमग्याला त्यांच्या दारात पालखी थांबते का, तेही लिहा.