किराण्याच्या यादीतली पाच किलो साखर

गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी केलेल्या नेहमीच्या रक्ततपासणीत माझे एचबीए१सी ६.१ आले. दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी सांगणारा हा आकडा ५.७ ते ६.४ या दरम्यान असला, की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा आहे असे समजतात. अहवाल घेऊन मी डॉक्टरांपुढे बसलो आणि अशा वेळी आपल्याकडे प्रत्येक जण जे बोलतो तेच बोललो, "पण डॉक्टर, मी गोड खातच नाही हो." हे खोटेही नव्हते. जिलेबी मला आवडत नाही, आइस्क्रीम खाल्ले की दात ठणकतात आणि लग्नाच्या पंगतीत मी आधी मठ्ठ्याची वाटी शोधतो. डॉक्टरांनी मिठाईबद्दल काही विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "महिन्याच्या किराण्यात साखर किती भरता?" मला सांगता येईना. शेजारी बसलेल्या पत्नीने सांगितले, "पाच किलो."

घरात माणसे चार. पाच किलोला चाराने आणि मग तीस दिवसांनी भागले, तर माणशी रोज साधारण ४२ ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी उष्मांक वरून घातलेल्या साखरेतून, मधातून व फळांच्या रसांतून यावेत आणि हे प्रमाण पाच टक्क्यांखाली नेता आले तर अधिक बरे. दोन हजार उष्मांकांच्या आहारात दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही साखरेची मर्यादा २५ ग्रॅमच्या आसपासच धरलेली आहे. चौघांच्या घराला २५ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला तीन किलो पुरतात, आणि या तीन किलोंत घराबाहेर पोटात जाणारी साखरही आली. माझ्या मते ही मर्यादा लोकांना ग्रॅममध्ये न सांगता किलोमध्ये सांगावी. ग्रॅमची भाषा आपल्याला औषधाच्या दुकानात कळते, वाण्याच्या दुकानात आपण किलोच मागतो.

आमचे ४२ ग्रॅम ५० च्या आत आहेत, या विचाराने मला दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवशी मी बाहेरचा हिशेब मांडला. कार्यालयातला दोन वेळचा चहा, त्याच्याबरोबर सहा ग्लुकोज बिस्किटे (या बिस्किटांत वजनाच्या सुमारे पाव हिस्सा साखरच असते), संध्याकाळच्या पोह्यांवर किंवा सामोशावर ओतलेला टोमॅटो सॉस, ज्यात पुन्हा पाव हिस्सा साखर. एवढ्यात साठीचा आकडा ओलांडला, आणि या यादीत ज्याला आपण 'गोड खाणे' म्हणतो असा एकही पदार्थ नव्हता.

या पोस्टचे निमित्त हेच आहे. साखरेवर बोलायचे म्हटले की आपण सणांवर घसरतो. पुरणपोळी किती, श्रीखंड किती, गणपतीतले मोदक किती यावर दरवर्षी वर्तमानपत्रांत सल्ले येतात आणि ते वाचून आपण दिवाळीत एक लाडू कमी खातो. वर्षातले पंधरा-वीस दिवस गोडाचे असतात. उरलेल्या साडेतीनशे दिवसांची साखर चहाच्या भांड्यात आणि बिस्किटाच्या पुड्यात असते, आणि गोड म्हणून तिची कुठे नोंदच होत नाही.

चहाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्या बाबतीत मी जन्माने पक्षपाती आहे. माझे वडील एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लिपिक होते. गाळप हंगामात रात्री-अपरात्री वाजणारा भोंगा, रस्त्यावर सांडलेला ऊस आणि वाऱ्याबरोबर घरात शिरणारा मळीचा वास यांत माझे बालपण गेले. आजोबा सभासद असल्यामुळे दिवाळीत सवलतीच्या दराने साखर मिळायची आणि ती घरात पोत्याने यायची. ज्या घरात साखर पोत्यात असते, तिथे ती चमच्याने मोजत नाहीत. आमच्याकडे पाहुण्याला कमी साखरेचा चहा दिला, तर तो आमच्या दानतीवर प्रश्न असे. पुण्यातल्या अमृततुल्यांनी शहराला जी चव लावली, तीही दुधात उकळलेल्या भरपूर साखरेचीच आहे. मी घरचा चमचा वजनकाट्यावर तोलून पाहिला. सपाट भरला तर चार ग्रॅम आणि आमच्याकडे भरतात तसा शिगोशीग भरला तर सात ग्रॅम. 'मी एकच चमचा घेतो' या वाक्यात हा फरक कधीच धरलेला नसतो.

घरातल्या डब्याचा हिशेब निदान लावता तरी येतो. भारतात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर खपते, म्हणजे तान्ह्या मुलांसकट माणशी जवळजवळ २० किलो. यातली निम्म्याहून अधिक साखर घरगुती ग्राहक विकत घेत नाही. ती शीतपेये, बिस्किटे, मिठाई, चॉकलेट बनवणारे आणि उपाहारगृहवाले घाऊक घेतात. शीतपेयाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमहून अधिक साखर असते, म्हणजे दिवसाचा कोटा एका बाटलीत संपतो. मुलांच्या उंचीचे आश्वासन देत दुधात घालायला लावतात त्या पुडींपैकी कित्येकींमध्ये तिसरा हिस्सा साखर असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका असे कळवले, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशा नावाचे पेयच नाही. तोवर दोन पिढ्या ती पूड दुधात ढवळून पीत आल्या होत्या, आणि त्यांत माझा मुलगाही आला.

पाकिटावर सगळे छापलेले असते, हे खरे. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि पोषणतक्त्यात वरून घातलेली साखर वेगळी दाखवावी लागते. परंतु हा तक्ता पाकिटाच्या मागे, घडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. त्यातच साखर कधी ग्लुकोज सिरप, कधी डेक्स्ट्रोज, कधी इन्व्हर्ट सिरप अशी नावे घेऊन तीन-चार जागी विभागली, की यादीत मैद्याचा क्रमांक पहिला लागतो आणि साखर निमूटपणे खाली सरकते. चिलीत २०१६ पासून साखर, मीठ किंवा चरबी ठरावीक प्रमाणाहून जास्त असलेल्या पदार्थांच्या पाकिटावर पुढच्याच बाजूला काळा अष्टकोनी शिक्का मारावा लागतो. आपल्याकडे अशा शिक्क्याची चर्चा वर्षानुवर्षे रेंगाळली आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही या कामासाठी मुदत घालून द्यावी लागली. त्याच्या पुढच्याच महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले, ही मला त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट वाटते.

आता शरीरात काय घडते ते. आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. ग्लुकोज शरीरातील सर्व पेशी वापरतात, तर फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतावर येऊन पडतो. थोडे असले तर यकृत ते सहज निभावते. रोज, दिवसातून पाच-सहा वेळा आणि तेही पेयातून झरझर आले, तर त्याची चरबी होऊ लागते. ती काही अंशी यकृतातच साठते आणि काही ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात उतरते. चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते, आणि ही ओढाताण काही वर्षे चालली की रक्तशर्करा वर सरकू लागते. मधुमेह एकट्या साखरेमुळे होतो असे कोणी जाणकार म्हणणार नाही. आनुवंशिकता, पोटाचा घेर, बैठे काम, पांढरा भात, झोप या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. मात्र या सर्वांत साखर हा असा घटक आहे, की जो काढून टाकल्याने शरीराचे कसलेही पोषण बुडत नाही.

"पण तू तर काटकुळा आहेस," असे मला आठ-दहा जणांनी सुनावले. माझे वजन ५९ किलो आहे. या भ्रमाचे उत्तर पुण्यातच मिळते. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि आपल्या ब्रिटिश सहकारी डॉक्टरांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र ब्रिटिश गृहस्थांच्या अंगी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के निघाली. बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीदार असा हा आपला देह आहे. कमी वजनाची भारतीय बाळेसुद्धा तशीच जन्मतात, हेही याच गटाच्या संशोधनातून पुढे आले. त्यामुळे आरशात पाहून साखरेचा हिशेब ठरवणे हे निदान आपल्या लोकांना परवडणारे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर आहेत.

हृदयाचे नाते लोकांना कमी ठाऊक असते. अमेरिकेतील २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांच्या उष्मांकांपैकी १७ ते २१ टक्के उष्मांक वरून घातलेल्या साखरेतून येत होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचा धोका आठ टक्केवाल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त आढळला. अशा निरीक्षणांवर नेहमी शंका घेता येते. जास्त साखर खाणारा माणूस इतरही बाबतींत बेफिकीर असू शकतो. म्हणून मला ब्रिटनमधला पुरावा अधिक मोलाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात तिथे साखरेचे रेशनिंग सुरू झाले आणि ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. उठताच माणशी खप दिवसाला सुमारे ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर गेला. म्हणजे अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने जन्मलेली मुले वेगवेगळ्या साखरेवर वाढली. ही मुले पन्नाशी-साठीत पोहोचल्यावर संशोधकांनी त्यांच्या नोंदी तपासल्या आणि २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडला : आईच्या पोटात असल्यापासून पहिल्या हजार दिवसांत ज्यांना रेशनिंगचा लाभ झाला, त्यांच्यात टाइप-टू मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. बाळाच्या पेजेत, दुधात 'थोडी साखर घाल, म्हणजे आवडीने पिईल' असे सांगणाऱ्या घरोघरच्या आज्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचावी, असे मला फार वाटते.

दातांबद्दल एवढेच, की तिथे साखर किती यापेक्षा किती वेळा याला महत्त्व आहे. दिवसभर एकेक गोळी चघळणारे मूल एकदाच पेढा खाणाऱ्या मुलापेक्षा दात लवकर किडवते.

आता गुळाचा आक्षेप येणारच. कोल्हापुरी गुळावर माझाही जीव आहे, आणि गुळात थोडे लोह व खनिजे असतात हे मान्य. परंतु गूळ हा बव्हंशी साखरच असतो आणि यकृताला त्याचा रंग दिसत नाही. हल्ली जागोजागी 'गुळाचा चहा' असे फलक लागले आहेत. तिथे आरोग्य म्हणून तीन-तीन कप रिचवणारे लोक मी पाहतो तेव्हा हसावे की रडावे ते कळत नाही. मधाचे तेच, रसवंतीतल्या रसाचेही तेच. आणि साखरेऐवजी कृत्रिम गोडीच्या गोळ्या घ्याव्यात, तर वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नका असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगून ठेवले आहे. ज्यांना मधुमेह झालेलाच आहे त्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दुसरा आक्षेप माझ्या धाकट्या भावाचा. तो गावी ऊस लावतो. "तुम्ही शहरात साखर सोडा आणि आम्ही इकडे काय पेरायचे?" असे त्याने फोनवर विचारले. प्रश्न रास्त आहे, कारण आमचे शिक्षण उसाच्याच पैशावर झाले. पण मी खाल्लेल्या जादा चमच्याने त्याच्या एफआरपीची (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराची) थकबाकी कधी लवकर मिळालेली नाही, आणि उसाला आता इथेनॉलची दुसरी वाट फुटली आहे. शेतकऱ्याचे हित शेजाऱ्याच्या स्वादुपिंडावर उभे करणे हे धोरण होऊ शकत नाही, असे मी त्याला म्हणालो. त्याला ते पटले नाही.

घरी आम्ही काही अघोरी केले नाही. चहातली साखर दर पंधरवड्याला पाव चमच्याने उतरवत नेली. पहिले दोन आठवडे चहा औषधासारखा लागला; दोन महिन्यांनी कार्यालयातला नेहमीचा चहा मला पाकासारखा वाटू लागला. बिस्किटांची जागा फुटाणे-शेंगदाण्यांनी घेतली आणि सॉसची बाटली संपल्यावर नवी आणली नाही. सणाच्या पुरणपोळीला आम्ही हात लावलेला नाही. म्हणजे खाण्यासाठी लावतोच. सहा महिन्यांनी माझे एचबीए१सी ५.८ आले. त्या काळात मी रोज चालूही लागलो होतो, त्यामुळे सगळे श्रेय साखरेला देणे बरोबर होणार नाही.

फक्त आई ऐकत नव्हती. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. फिका कप बघून ती म्हणाली, "माझ्या बापानं ऊस लावला, नवऱ्यानं काट्यावर जन्म काढला, आणि आता लेक मला फिका चहा पाजणार होय?" तिच्याशी तह झाला आहे. पूर्वी ती तीन चमचे घालायची, आता दीड घालते, तोही सपाट. यादीत सध्या अडीच किलो लिहितो.