सुमोच्या मैदानात स्ट्रीट फायटर, आणि आमच्या गल्लीत बंदी

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या मंडळाच्या ग्रुपवर जो वाद झाला, तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पोरांचं मागणं साधं होतं. मंडळाच्या खोलीत दोन संध्याकाळी 'टेकन' या मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा घेऊ, बाहेरून कोणी येणार नाही, वर्गणीतला पैसा नको. त्यावर नानाकाकांनी लिहिलं, "सरकारने गेमवर बंदी घातली आणि तुम्ही बाप्पासमोर जुगार मांडणार? त्यापेक्षा तालमीत जा." खाली नमस्काराचे हात पडत गेले आणि विषय मिटला. रात्री भाच्याचा मला इथे जपानला फोन आला, "मामा, हिते सगळी म्हणूलेत की गेम बंदच झाला."

बंद झालेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने बंदी आणली ती पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या गेमवर. पैसे भरा, नशीब किंवा डोकं चालवा आणि जास्त पैसे मिळवायची आशा धरा, हा प्रकार बंद. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, खेळ म्हणून वेगळी जागा दिली आहे. प्रवेश फी चालते, बक्षीस चालतं, पैज चालत नाही. कुस्तीच्या मैदानातही इनाम असतंच आणि मैदानाबाहेर पैजा लागल्या तर दोष पैलवानाला कोणी देत नाही. त्याच्याही आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे सोपवले होते. दुसऱ्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 'टेकन'च्याच जातीच्या 'स्ट्रीट फायटर' गेमला पदक होतं, आणि भारताचे दोन खेळाडू तिथे उतरले होते. नानाकाकांनी यातलं काही वाचलं नव्हतं. वाचलं नव्हतं याचा मला राग नाही. न वाचता पोरांना जुगारी ठरवलं, याचा आहे.

आणि तालमीत जा म्हणे! ज्याने आनंदवाडीच्या आखाड्यात मातीवर मांडी घालून कुस्त्या बघितल्या आहेत, त्याला तर हा खेळ पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवा. दोन जण समोरासमोर. आधी खडाखडी: अंतर मोजायचं, हूल द्यायची, समोरचा कशाला बिचकतो ते बघायचं. फायटिंग गेममध्ये अर्धा खेळ हाच असतो. मग डाव, आणि प्रत्येक डावाला प्रतिडाव. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकतात. सगळ्यात चपळ ठोसा चौथ्या-पाचव्या चित्रात लागतो, तो बघून अडवणं माणसाच्या आवाक्यात नाही. म्हणून समोरच्याचं मन वाचावं लागतं. वस्ताद पोराला हेच शिकवतो.

२००४ साली अमेरिकेतल्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत, 'स्ट्रीट फायटर' खेळताना, जपानच्या दाइगो उमेहाराचा पडद्यावरचा जीव सुताएवढा उरला होता. समोर जस्टिन वाँग. त्या गेममध्ये असा जबर वार नुसता अडवला तरी थोडा जीव जातो, म्हणजे दाइगोला अडवणंही परवडणारं नव्हतं. एकच वाट होती, प्रत्येक फटका लागायच्या नेमक्या क्षणी काठी (जॉयस्टिक) पुढे ढकलून तो निष्फळ करायचा. वाँगच्या चुन-ली या पात्राने लाथांची सरबत्ती केली, पंधरा फटके. दाइगोने सगळे झेलले, शेवटचा हवेत उडी मारून झेलला, आणि खाली येताच उलटा डाव टाकून कुस्ती मारली. तो तुकडा जगाने बघितलाय. अंतिम लढत मात्र तो त्या दिवशी हरला, हेही सांगायला पाहिजे.

मार्च २०२५ मध्ये 'स्ट्रीट फायटर'च्या जागतिक स्पर्धेचा, कॅपकॉम कपचा, शेवट तोक्योच्या र्‍योगोकु कोकुगिकानमध्ये झाला. सुमोचं मैदान आहे ते. जिथे योकोझुना, म्हणजे सुमोचे सगळ्यात वरचे मल्ल, उतरतात, तिथे काकेरू नावाच्या पोराने 'स्ट्रीट फायटर' जिंकून दहा लाख डॉलर नेले. सुमो बाटला असं कोणी म्हटल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. माझ्या कंपनीतले एक वयस्कर फोरमन सुमोचे इतके वेडे की बाशो (सुमोची मोठी स्पर्धा) सुरू असला की संध्याकाळी हलत नाहीत. त्यांनी सोमवारी मला एवढंच विचारलं, कोण जिंकलं? मला त्या क्षणी नानाकाका आठवले आणि वाईट वाटलं.

इथे सगळं गोड आहे असं नाही. २०१९ च्या तोक्यो गेम शोमध्ये 'स्ट्रीट फायटर'चा खेळाडू मोमोची जिंकला, पण त्याने इथल्या संघटनेचं व्यावसायिक परवानापत्र घ्यायला नकार दिला होता. मग बक्षिसांवरच्या जुन्या कायद्याचा अडसर निघाला आणि ५० लाख येनऐवजी साधारण ६० हजार येन हातात पडले. कायदा इथेही आडवा येतो. फरक इतकाच की मोमोचीला जुगारी कोणी म्हटलं नाही.

शनिवारी मी तोक्योतल्या ताकादानोबाबाच्या मिकादो या गेम पार्लरमध्ये जातो. मागच्या खेपेला शेजारच्या मशीनवर पन्नाशीचा एक माणूस होता. टाय सैल केलेला, बॅग दोन पायांत धरलेली, मशीनच्या कडेवर शंभराची नाणी रचलेली. डाव्या हाताची काठी अंगठा आणि दोन बोटांत, अगदी हलकी, दूध प्यायलेल्या पोराची मान धरावी तशी. हरला की वाकून समोरच्याला मान द्यायचा आणि पुढचं नाणं टाकायचा. खडे बाजाराच्या बाजूला आमच्या लहानपणी एक व्हिडिओ पार्लर होतं. तिथे टोकन घेऊन 'मुस्तफा' आणि 'किंग ऑफ फायटर्स' खेळताना कोणी ओळखीचं दिसलं की आम्ही मशीनच्या मागे लपायचो. तीस वर्षं झाली. माझा भाचा आजही लपूनच खेळतो.

"पोट भरतं का यानं?" हा नानाकाकांचा दुसरा प्रश्न, आणि तो खरा आहे. बहुतेकांचं भरत नाही. दाइगोनेही मध्ये गेम सोडून वृद्धांच्या सेवेचं काम केलं होतं, नंतर परत आला आणि पुन्हा जगज्जेता झाला. हांगझोला सुवर्णपदक घेतलेला कोरियाचा किम ग्वान-वू ४४ वर्षांचा होता. पण पैलवानाचं तरी कुठे भरायचं? खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. तेव्हा कोल्हापुरात कोणी 'आधी पोट भरतं का सांगा' म्हणत बसलं असतं, तर ते कांस्यपदक आलं असतं का?

मला सारखा आठवतो तो लाहोरचा अर्सलान ऍश. शत्रूच्या देशातला म्हणून कोणी नाक मुरडेल, मुरडो. २०१९ मध्ये व्हिसाचे हाल सोसून, विमानतळांवर अडकत तो जपानला पोचला आणि 'टेकन'मध्ये सगळ्यांना लोळवलं. कोरियन दादा लोक थक्क झाले. त्याने सांगितलं, माझ्या देशात माझ्या तोडीचे आणखी आहेत. ते कुठून आले? एका खोलीत, एका मशीनवर, रोज एकमेकांशी खेळून. इंटरनेटवरून बेळगावच्या पोराला जपानी गडी सापडतो, पण सिग्नल जाऊन येईपर्यंत बरीच चित्रं सरकतात. गेम ते झाकतो, पण झाकलेलं हाताला कळतं. जोड समोरासमोरच लागते. म्हणून मंडळाची खोली एवढी महत्त्वाची.

मी इतका का चिडतो, हे बायको मला विचारते. तिला दिलेलं उत्तर इथेही देतो. आजोबा सांगली संस्थानात जन्मले, वडील मुंबई राज्यात, मी कर्नाटकात, आणि घर तेच. एक नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी मी आता मोबाईलवर बघतो. इथल्या झायर्‍यू कार्डावर, म्हणजे राहण्याच्या ओळखपत्रावर, फक्त देशाचं नाव आहे, गेममध्ये नावापुढे फक्त झेंडा. कोणी विचारत नाही की बेळगाव कोणाचं. सुरुवातीला मला हे फार बरं वाटलं, सुटल्यासारखं. आता रात्री अनोळखी पोराशी खेळताना झेंडा दिसला की वाटतं, हा मुंबईचा असेल, बंगळूरचा असेल, आमच्याकडचा नसणारच. ते 'नसणारच' मला बोचतं. सीमेवर आम्ही बोर्डांच्या अक्षरांसाठी भांडलो, भांडायलाच हवं होतं, पण त्या भांडणात पोरांना खेळायला एक खोली देणं राहून गेलं. आणि ते सांगणारा मी तिथे नाही, हे नानाकाका लगेच म्हणतील. म्हणू देत. परदेशातून बोलणाऱ्याला बोलायचा हक्क नसेल, तर वर्गणीच्या पावत्या तरी मला दरवर्षी का पाठवतात?

नानाकाका, अनंत चतुर्दशी झाली की ती खोली कुलूप लावून ठेवलेली असते. एक प्लेस्टेशन, दोन काठ्या आणि बिनलॅगचा, म्हणजे चित्र न रेंगाळणारा, एक मॉनिटर मी दिवाळीला येताना आणतो. सोबत कायद्याची मराठी प्रतही आणतो. पैज लावणाऱ्या पोराला बाहेर काढायचं काम तुमचं, आणि पहिली जोड तुम्ही सोडायची.