चार इंचांचं ठिगळ

दाराचा स्टॉपर तुटून महिना झाला होता. 'रविवारी बसवतो' असं मी चार रविवार म्हणालो. पाचव्याची वाट न बघता वारा आला, दार धाडकन आपटलं आणि गोल मूठ सरळ भिंतीत घुसली.

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि अभ्यासाची खोली यांच्यात जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आहे. १२.५ मिलिमीटरची पांढरी वडी, दोन्हीकडून कागद, मागे पत्र्याचे चॅनल आणि बाकी नुसती हवा. सासरे शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलेले. तिथल्या कोनाड्यात मांजर पिल्लांसकट झोपायचं. त्यांनी भोकात बोट घालून पाहिलं. "ही भिंत चालवायला ज्ञानेश्वर नकोत. पंखा पुरे."

मी पीओपी कालवलं. जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की पीओपी होतं आणि पाणी घातलं की पुन्हा जिप्सम. म्हणजे घरातलंच स्थळ, जमेल असं वाटलं. पण गोळ्याला मागून आधार कुठला? तीन गोळे आत 'टप्प' करून पडले. चौथा वाडग्यातच दगड झाला. ते वाडगं स्वयंपाकघरातून कायमचं गेलं.

मग कळलं, भोक आधी चौकोनी कापायचं, मागे प्लायच्या पट्ट्या स्क्रूने आवळायच्या आणि त्यांवर बोर्डाचा तुकडा बसवायचा. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"शीट सहा बाय चार फूट."

"मला चार इंच हवाय."

"मग चार इंच वापरा."

२४ चौरस फुटांत चार बाय चार इंचांची २१६ ठिगळं निघतात. इतके रविवार माझ्याकडे नव्हते. शेवटी तिसऱ्या मजल्यावर फॉल्स सीलिंगचं काम चालू होतं, तिथल्या कारागिराने एक तुकडा फुकट दिला. देताना माझ्या हातांकडे पाहून आणखी एक दिला.

तो लागलाच. कापताना करवत घसरली, चौकोन वाकडा झाला, तो सरळ करता करता चाराचे आठ इंच झाले. पहिली पट्टी हातातून सुटून पीओपीच्या गोळ्यांना भेटायला गेली. दुसऱ्या खेपेला जमलं. फटींवर जाळीची टेप, त्यावर जॉइंट कंपाउंडचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये एकेक दिवस सुकवणं. मग पॉलिश पेपर. त्या पिठाने टीव्हीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं शुभ्र झालं. बायको काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

रंग जुन्याच डब्यातला दिला. भिंत मधल्या काळात पिवळी पडलेली, त्यामुळे ठिगळ ट्यूबलाइटसारखं उजळलं.

संध्याकाळी सासरे पाहायला आले. बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत एका टोकापासून निघाले. ढब, ढब, ढब. ठिगळावर आले, तिथे मागे प्लाय. ठक!

"हं," ते म्हणाले, "एवढी भिंत झाली, जावईबापू. बाकीची कधी करताय?"