ऑडिट येतंय, वह्या लांब-लांब ठेवा

31 मार्च उलटला की कामाला लागा, आधी नको. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याची वर्षभराची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, एका बैठकीत, एकाच पेनानं लिहावी. अक्षर कसं एकसारखं येतं. बँकेशी ताळमेळ घालत बसू नका. ‘फरकाचा शोध सुरू आहे’ हे वाक्य दरवर्षी चालतं.

पंपाचं लॉगबुक मात्र सढळ हातानं भरा. 50 अश्वशक्तीची मोटर रोज 20 तास चालली म्हटलं की अहवालात गाव पाण्यानं तुडुंब. आता ही मोटर तासाला साधारण 37 युनिट खाते, म्हणजे महिन्याला 22 हजार. आणि बिलात 9 हजारच युनिट असले, तर मोटर रोज जेमतेम 8 तास फिरली हे चौथीतलं पोरगंही सांगेल. म्हणून बिलांची फाइल दुसऱ्या कपाटात, आणि चावी रजेवरच्या माणसाकडं.

ब्लीचिंग पावडरचंही तसंच. 1000 लिटरला 5 ग्रॅम. रोज 10 लाख लिटर सोडत असाल तर 5 किलो, वर्षाला 1825 किलो, 25 किलोची 73 पोती. प्रमाणकं, म्हणजे खर्चाच्या पावत्या, 200 पोत्यांची लावली असतील तर साठा नोंदवही उंदरांनी खाल्ली म्हणा. (एवढी पावडर खरंच पाण्यात पडली असती तर नळ उघडताच गावाच्या नाकाला कळलं असतं.)

टँकर ही खरी कला. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीत 10 वाघिणी, 5 लाख लिटर. सगळ्या देशानं मोजलं. टँकरला रूळ नसतात, म्हणून खेप कुठंही नेता येते. रोज 10 खेपा, जाऊन-येऊन 60 किलोमीटर, म्हणजे 600. ताशी 30 नं धरले तरी 20 तास, भरणं-ओतणं वेगळं. ड्रायव्हर जेवत नाही, झोपत नाही, असं गृहीत धरा. जीपीएसला रेंज नव्हती. फक्त 31 जूनला खेप लिहू नका. हात सवयीनं तिथवर जातो.

अर्धसमास पत्र, म्हणजे ऑडिटरचं खुलासा मागणारं पत्र, आलं तर घाबरू नका. झालेल्या कामाची मापं लिहायची मोजमाप पुस्तिका अभियंत्याकडं आहे आणि अभियंता बदलून गेलाय, एवढंच कळवा. ऑडिटच्या अहवालात आक्षेपाचा परिच्छेद होईल, परिच्छेद प्रलंबित राहील. तोवर तुमचीही बदली होईल, आणि पुस्तिका तुमच्याकडं आहे असं तुमच्या जागी आलेला लिहील.