कारण एकच हवे, हा हट्ट

घरातल्या कोणाचे मन आजारी पडले की आपल्याकडे उपचाराआधी कारणाची चौकशी सुरू होते, आणि ते कारण एकच असावे लागते. गोव्यातल्या सत्तरी-पेडण्याकडच्या काही घरांत अजूनही आधी देवाचा कौल घेतला जातो, कोणी दिश्ट म्हणजे नजर लागल्याचे सांगतो, कोणी देवचार या गावराखणदार भुताचे नाव घेतो आणि मग घाड्याला, म्हणजे मांत्रिकाला, बोलावणे जाते. पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये राहणारे आपण या सगळ्याला हसतो, पण ‘मोबाइलमुळे झाले’, ‘आईने लाडावून ठेवले’, ‘प्रेमभंग झाला’, ‘मेंदूतले केमिकल कमी झाले’ यांपैकी एखादे उत्तर पकडून आपणही निश्चिंत होतो. माझ्या मते ही दोन्ही घरे एकच चूक करतात. एक कारण सापडले की एक गुन्हेगार सापडतो, आणि गुन्हेगार सापडला की डॉक्टरकडे जायची घाई उरत नाही.

मी फोंड्यात फार्मसी चालवतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदानाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, पण औषध हातात पडल्यानंतर लोक त्याचे काय करतात ते काउंटरवरून रोज दिसते. मधुमेहाची चिठ्ठी लोक उघडी धरून येतात. मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी चौघडी घालून, दुकानातले दुसरे गिऱ्हाईक जाईपर्यंत खिशातच राहते. काही जण मुद्दाम मडगावहून किंवा डिचोलीहून येतात, कारण गावातल्या फार्मसीवाल्याला कळले तर सगळ्या वाड्याला कळेल ही भीती. आणि गोळ्या पिशवीत घालताना हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘ही झोपेचीच गोळी ना? सवय लागणार ना हिची?’

या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण निम्मे गैरसमज त्यातच आहेत. घबराट आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते हे खरे आहे, म्हणूनच डॉक्टर त्या शक्यतो थोड्या दिवसांसाठी देतात. नैराश्यासाठी दिली जाणारी एस्सिटालोप्रॅमसारखी औषधे त्या गटातली नव्हेत. त्यांची दारूसारखी तलफ येत नाही, मात्र ती एकाएकी बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड असा त्रास होतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असतात. त्यांचा दुसरा स्वभाव लोकांना माहीत नसतो आणि तोच घात करतो: मळमळ, डोके जड होणे हे त्रास पहिल्या आठवड्यात दिसतात, तर गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे माणूस गोळी सोडतो ती नेमकी त्रास झाला पण गुण आला नाही अशा वेळी. जे टिकतात, त्यांतले कित्येक बरे वाटू लागताच बंद करतात, वास्तविक बरे वाटल्यावरही सहा-नऊ महिने औषध चालू ठेवायचे असते.

आता कारणांकडे येतो. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात नसलेले आवाज ऐकू येतात, भलतेच संशय येतात, तो आजार साधारण शंभरात एकाला किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे दहा टक्क्यांपर्यंत वाढते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा निरोगीच राहतो, आणि त्या दोघांचे रक्त-मांस तर एकच. म्हणजे अनुवंश आहे, पण ‘घराण्यातच वेड आहे’ असे म्हणून सोयरीक मोडण्याइतका तो निर्णायक नाही. त्याच्या जोडीला गर्भावस्थेतील व बाळंतपणातील गुंतागुंत, बालपणीची मारहाण किंवा अत्याचार, कोवळ्या वयातील गांजा अशा गोष्टींनी धोका वाढतो. गांजाचा मुद्दा आपल्या किनारपट्टीवर जरा मोठ्याने सांगायला हवा, कारण ‘ती तर वनस्पती, तिने काय होते’ असे म्हणणारी मुले मी पाहिली आहेत.

आईला दोष देण्याची खोड केवळ आपल्या सासरच्या मंडळींची आहे असे मात्र समजू नये. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनीच स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई अशी कल्पना मांडली आणि पुढे बरीच वर्षे अमेरिकेतल्या आयांनी ते ओझे वाहिले. पुरावा काही उभा राहिला नाही आणि ती कल्पना टाकून द्यावी लागली. नैराश्य म्हणजे सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा तुटवडा, हे हल्लीचे लाडके स्पष्टीकरणही असेच फार सोपे आहे. औषध लागू पडते म्हणून तुटवडा सिद्ध होत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पण ताप काही पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे आलेला नसतो.

कधी कधी तर मूळ शरीरातच असते. थायरॉइड मंदावली की माणूस उदास, सुस्त, विसराळू होतो, बी-१२ कमी पडले तरी तसेच होते. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात आणि लोक म्हणतात, ‘मनाचा आजार आणि रक्त कशाला?’ घरातले म्हातारे माणूस रात्रीत एकाएकी बरळू लागले, कोणाला ओळखेना, भिंतीवर काहीतरी दिसते म्हणू लागले, तर ते लागीर नव्हे आणि वेडही नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा रक्तातील सोडियम उतरणे अशा कारणांनी ते होऊ शकते. तिथे एक दिवसही दवडता कामा नये, थेट इस्पितळ गाठावे.

देवळात जाण्याला माझा विरोध नाही. संकटातल्या माणसाला तिथे धीर मिळतो, घरचे चार लोक त्याच्यासाठी एकत्र येतात, आणि ही मदत लहान नाही. विरोध आहे तो गोळ्या बंद करायला लावणाऱ्याला, उपास आणि मारझोड सांगणाऱ्याला. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या आबे फारियांचा पुतळा आहे, हात पुढे पसरलेला पाद्री आणि समोर कलंडलेली स्त्री. पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि काही तर त्याला भुताटकी समजतात. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीयाने पॅरिसमध्ये जाऊन सांगितले ते नेमके उलटे होते. संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसलीही चुंबकीय शक्ती नसते, जे घडते ते समोरच्याच्या मनाच्या ग्रहणशीलतेमुळे घडते. १८१९ मध्ये ते वारले. त्यांच्याच भूमीत दोनशे वर्षांनंतरही आपण बाहेरची शक्ती शोधत आहोत, याला काय म्हणावे!

बोलून बरे करणे म्हणजे नुसत्या गप्पा, हाही समज गोव्यातच खोटा ठरला आहे. संगाथ या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा अधिक गुण आला. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात रुग्णाला उपदेश नव्हता. टाकून दिलेली लहान लहान कामे पुन्हा हाती घ्यायला लावणे हाच त्याचा गाभा होता. ‘मन घट्ट कर’ म्हणणाऱ्या काकांनी हा फरक लक्षात घ्यावा.

बांबोळीत गोव्याचे सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि ‘बांबोळीला न्या त्याला’ ही थट्टा मला आता ऐकवत नाही. पूर्वी ते पणजीच्या अल्तिनोवर होते तेव्हा अल्तिनोचे नाव असेच घेत. बांबोळीच्या संस्थेतली बहुसंख्य माणसे कोणाला इजा करणारी नसतात, उलट मार खाणारी, फसवली जाणारी तीच अधिक असतात.

शेवटी लग्नाविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान मी तिथे होताना पाहतो. ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून मुलीचे लग्न लावतात, सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात, आणि बायपोलर आजारात (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके आलटून-पालटून येतात तो) बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तर सर्वांत धोक्याचे असतात. दुसऱ्या बाजूने, त्याच आजारावर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकते, त्यामुळे लपवून चालू ठेवणेही तितकेच वाईट. औषध बदलता येते, पण ते दिवस राहण्याआधी, डॉक्टरांना सांगून. हे दोन्ही घरांना लग्नाआधी माहीत असले पाहिजे. कोणाशी बोलावे हे सुचत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. फोन करणाऱ्याने स्वतः रुग्ण असण्याची गरज नाही, मुलीची आईही करू शकते.